डॅन्यूबकाठची सायकलवाट : पासाऊ ते व्हिएन्ना

डॅन्यूब ही व्होल्गाखालोखाल युरोपातली सर्वांत लांब नदी. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावून दहा देशांमधून सुमारे २,८५० किलोमीटर वाहत ती काळ्या समुद्राला मिळते. एवढ्या लांब प्रवासातला पासाऊ ते व्हिएन्ना हा तीनशेएक किलोमीटरांचा तुकडा सायकलवरून सावकाश हिंडणाऱ्यांनी आपलासा केला आहे. पासाऊ हे जर्मनीच्या सीमेवरचे शहर, व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी, आणि या दोहोंच्या मध्ये नदी दीडशे मीटरसुद्धा खाली उतरत नाही. त्यामुळे पायडल मारण्याचे श्रम थोडे आणि पाहण्याजोगे मात्र पदोपदी, असा हा रस्ता आहे. आठवड्याभराची रजा, साधी गिअरची सायकल आणि रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालवण्याची तयारी, एवढ्यावर तो पुरा होतो.

ही वाट मुळात सायकलींसाठी आखलेली नव्हे. प्रवाहाबरोबर खाली जाणाऱ्या नावेला फक्त सुकाणू सांभाळावे लागे. वर यायचे तर तिला काठावरून ओढून आणावे लागे आणि त्यासाठी पाण्याच्या अगदी कडेने एक वाट राखलेली असे. धान्य आणि वाइनची पिंपे भरलेल्या नावांचा ताफा जाड दोरखंडांनी बांधायचा, पुढे घोडे जुंपायचे, मोठ्या ताफ्याला चाळीस, कधी साठसुद्धा, आणि घोड्यांवर बसलेल्या गड्यांनी त्यांना हाकत न्यायचे. व्हिएन्नाहून पासाऊला पोहोचायला आठवडेच्या आठवडे जात. मध्येच एखादा कडा थेट पाण्यात उतरला की घोडे नावेत चढवून पलीकडच्या तीरावर न्यावे लागत. १८२९ साली व्हिएन्नात डॅन्यूब स्टीमशिप कंपनी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी तिची पहिली आगबोट पाण्यात उतरली आणि आगबोटींनी हळूहळू घोड्यांचा धंदा बुडवला. वाट मात्र राहिली, कारण नदीच्या देखभालीसाठी ती लागत होती. १९८०च्या दशकात ती सायकलींना खुली झाली. आज ती अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या मार्गाचा भाग आहे. या वाटेवरचा सपाटपणा असा घोड्यांनी आणि गड्यांनी मिळवून दिलेला आहे. एवढे ध्यानात ठेवले तर नुसता डांबरी पट्टासुद्धा वेगळा दिसू लागतो.

त्यानंतरची मोठी उलथापालथ विजेसाठी झाली. १९५६ ते १९८५ या काळात पासाऊ आणि व्हिएन्ना यांच्या दरम्यान नदीवर नऊ जलविद्युत केंद्रे उभी राहिली. प्रत्येकाने आपल्यामागे पाणी अडवले, काठाला उंच बांध घातले आणि पूर्वीची खळाळती नदी बऱ्याच ठिकाणी तलावासारखी संथ केली. सायकलवाटेचे अनेक लांबलचक, सरळसोट पट्टे हे या बांधांवरूनच जातात, आणि बहुतेक केंद्रांच्या माथ्यावरून सायकल घेऊन पलीकडच्या तीरावर जाता येते. अशा बांधांवर सावली नसते. भर जुलैत तिथे ऊन चांगलेच जाणवते, शिवाय वारा समोरून असला तर सपाट रस्ताही चढासारखा लागतो. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. म्हणूनच जवळजवळ सगळे लोक हा प्रवास पासाऊहून सुरू करून पूर्वेकडे जातात.

वाट बहुतेक ठिकाणी दोन्ही तीरांवर आहे. कुठला तीर केव्हा धरायचा हे ठरवणे हाच या सहलीतला खरा विचार करण्याचा भाग. पाटीवर हिरव्या रंगात गावाचे नाव आणि अंतर असते. शिवाय काठाने नदीचेही स्वतःचे किलोमीटरचे फलक लागतात. हे फलक उगमापासून नव्हे, मुखापासून मोजलेले आहेत, त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्याला आकडे उतरत जाताना दिसतात : पासाऊला २,२२६च्या आसपास, लिंत्सच्या पुलापाशी २,१३५, व्हिएन्नाच्या मुख्य पुलापाशी १,९२९. सायकल पासाऊला भाड्याने घेऊन व्हिएन्नात परत करता येते, आणि जड सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोचवणाऱ्या कंपन्याही आहेत. भारतातून जाणाऱ्याने पहिल्या दिवशी उजव्या बाजूने चालवण्याची सवय हाताला आणि नजरेला लावून घ्यावी. चौकात वळताना ती हमखास विसरते. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेटची सक्ती आहे. सायकल चालवणाऱ्याच्या रक्तातल्या मद्यालाही कायद्याने मर्यादा आहे, आणि द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या वाटेवर ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी.

पासाऊचे जुने गाव एका निमुळत्या जिभेवर वसले आहे. डावीकडून डॅन्यूब, उजवीकडून इन आणि समोरून छोटी इल्झ अशा तीन नद्या या जिभेच्या टोकाशी भेटतात. इन आल्प्सच्या हिमनद्यांमधून येते, म्हणून तिचे पाणी फिकट हिरवट आणि गढूळ. इल्झ दलदलीच्या रानातून येते, म्हणून तिचे काळपट. डॅन्यूबचे या दोहोंच्या मधले. संगमानंतर बऱ्याच अंतरापर्यंत हे पट्टे वेगवेगळे ओळखू येतात. वर्षभराच्या सरासरीत इन इथे डॅन्यूबपेक्षा किंचित जास्तच पाणी आणते, तरी पुढे नाव डॅन्यूबचेच चालते. या संगमाची किंमत गावाने वेळोवेळी मोजली आहे. नगरभवनाच्या भिंतीवर महापुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. सर्वांत वरची खूण १५०१ सालची, आणि तिच्या खालोखाल जून २०१३ची. त्या वर्षी पाण्याने १२.८९ मीटरची पातळी गाठली होती. खुणा माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत. गावच्या कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला जवळजवळ अठरा हजार नळ्या आहेत. जगातल्या सर्वांत मोठ्या ऑर्गनांमध्ये त्याची गणना होते.

पासाऊतच, सन १२००च्या सुमारास, तिथल्या बिशपच्या आश्रयाने ‘निबेलुंगेनलीड’ हे जर्मन महाकाव्य रचले गेले असे अभ्यासक मानतात. त्यातली राणी क्रीमहिल्ड हूणांच्या राजाशी लग्न करायला याच खोऱ्याने पूर्वेकडे जाते. पासाऊ, एन्स, प्योखलार्न, मेल्क, माउटर्न, ट्राइसमाउअर, टुल्न, व्हिएन्ना हे तिचे मुक्काम आजच्या सायकलवाटेवर जवळपास त्याच क्रमाने येतात. त्याच्याही आधी ही नदी रोमन साम्राज्याची उत्तर सीमा होती. उजव्या तीरावर, म्हणजे साम्राज्याच्या बाजूला, लष्करी तळांची साखळी होती, आणि त्या तळांवरच पासाऊ, एन्स, माउटर्न, टुल्न, व्हिएन्ना ही गावे वाढली. डॅन्यूबच्या या रोमन सीमेचा पश्चिम भाग २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला.

पासाऊ सोडल्यावर दरी अरुंद होते. दोन्ही बाजूंना दाट झाडीचे डोंगर आणि मध्ये रुंद, हिरवे पाणी. योखेनश्टाइन इथे जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी मिळून बांधलेले, १९५६ साली पुरे झालेले वीजकेंद्र लागते. त्याच्या माथ्यावरून पलीकडे जाताना एका देशातून दुसऱ्या देशात कधी शिरलो ते कळतही नाही. याच्या पुढे श्ल्योगेनपाशी नदी जे करते ते पाहण्यासारखे आहे. समोर कठीण खडकाचा डोंगर आडवा आला म्हणून ती वळते, आणि वळता वळता पूर्ण उलट्या दिशेला तोंड करते, मग पुन्हा वळून पूर्वेला लागते. वळणाच्या आतल्या बाजूचा डावा तीर इतका उभा आहे की तिथे वाट सलग जातच नाही. घोड्यांना जसे नावेत चढवत, तसेच इथे सायकलींना चढवावे लागते. सायकलींसाठी चालणारी छोटी फेरीबोट प्रवाहाच्या दिशेने काही अंतर जाऊन पुढे, जिथे वाट पुन्हा सुरू होते तिथे, सोडते. ही फेरी घ्यावीच. त्याआधी उजव्या तीरावर सायकल लावून जंगलातल्या पायवाटेने अर्धा तास चढले की डोंगराच्या कडेवरून हे सगळे वळण एका नजरेत येते, आणि नदीने हट्टाने डोंगर कसा कापला ते समजते.

आशाखनंतर डोंगर मागे हटतात आणि एफेर्डिंगचा सपाट, भाजीपाल्याचा मुलूख सुरू होतो. २०१३च्या पुरात हा सगळा परिसर पाण्याखाली गेला होता. त्यानंतर सखल भागातल्या लोकांना सरकारने मदत देऊन दुसरीकडे घरे बांधायला सांगितले. एफेर्डिंग हे गाव खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरच्या चरित्रात येते. १६१३ साली त्याचे दुसरे लग्न इथे झाले. तो तेव्हा जवळच्या लिंत्समध्ये गणिती म्हणून नोकरीला होता. घरात वाइन भरायची म्हणून त्याने काही पिंपे घेतली. व्यापाऱ्याने प्रत्येक पिंपाच्या मधल्या भोकातून एक काठी तिरपी आत घातली, ती तळाच्या कडेला टेकवली, काठीवरची खूण वाचली आणि किंमत सांगितली. पिंप बुटके आहे की लांबोडके, याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. एका काठीने घनफळ कसे कळेल, हा प्रश्न केप्लरला स्वस्थ बसू देईना. त्यातून १६१५ साली वाइनच्या पिंपांच्या घनफळावरचे त्याचे लॅटिन पुस्तक लिंत्समध्ये छापले गेले. ऑस्ट्रियातल्या पिंपांची ठेवण अशी होती की आकार थोडा कमी-जास्त झाला तरी घनफळात फारसा फरक पडत नसे, म्हणून व्यापाऱ्याची काठी बहुधा खरे सांगे, असा त्याचा निष्कर्ष. महत्तम मूल्याजवळ राशी जवळजवळ स्थिर असते, ही पुढे कलनशास्त्रात पायाभूत ठरलेली कल्पना इथे दिसते. खालच्या मुलखातली वाइन लिंत्सला येई ती घोड्यांनी ओढलेल्या नावांतून, याच काठाने. ग्रहांच्या गतीचा केप्लरचा तिसरा नियमही लिंत्समधल्याच मुक्कामात, १६१८ साली त्याच्या हाती लागला.

लिंत्स हे उद्योगांचे शहर आहे. ते घाईने ओलांडून जाण्याचा मोह होतो, आणि शहरात शिरताना वाहत्या रस्त्याला लागून असलेला पट्टा खरोखरच कंटाळवाणा आहे. पण जुन्या चौकात तासभर थांबणे वाया जात नाही. इथल्या पोलाद कारखान्यात १९५२ साली वितळलेल्या लोखंडावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडून पोलाद करण्याची पद्धत प्रथम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. पुढे काही वर्षांतच ती भारतात राउरकेलाला आली. या कारखान्याचा पाया मात्र १९३८ साली नाझींनी घातला होता आणि युद्धकाळात तिथे छळछावणीतल्या कैद्यांकडून काम करून घेतले जाई. ती छावणी नदीकाठाने पुढे अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे.

माउटहाउझेन हे डाव्या तीरावरचे टुमदार गाव. समोरून एन्स नदी येऊन मिळते, धक्क्यावर कॅफे आहेत, घरांच्या भिंती फिकट रंगांच्या. गावामागच्या डोंगरात उत्तम ग्रॅनाइट सापडतो. व्हिएन्नाच्या रस्त्यांना लागणारी फरशी इथल्या खाणींतून जाई. मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि पाच महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, या खाणीच्या वर छळछावणी उभी राहिली. जागा निवडली ती दगडासाठीच. मे १९४५पर्यंत माउटहाउझेन आणि तिच्या उपछावण्यांमध्ये सुमारे १,९०,००० माणसे कोंडली गेली : पोलिश, सोव्हिएत युद्धकैदी, स्पेनचे प्रजासत्ताकवादी, ज्यू, इटालियन, फ्रेंच. त्यांतली किमान ९०,००० जिवंत बाहेर आली नाहीत. खाणीतून वर येणाऱ्या १८६ पायऱ्या आजही आहेत. कैद्यांना पाठीवर ग्रॅनाइटचा दगड घेऊन पाच-पाचच्या रांगेत त्या चढाव्या लागत. एकजण कोसळला की त्याच्या मागचे सगळे खाली जात. पायऱ्या नंतर नीट बसवलेल्या आहेत. तेव्हा त्या ओबडधोबड आणि कमी-जास्त उंचीच्या होत्या. ५ मे १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने छावणी मुक्त केली.

सायकलवाट नदीकाठाने सरळ पुढे जाते आणि छावणीकडे जायला गावामागचा उभा चढ चढावा लागतो. त्यामुळे सुटीवर आलेले पुष्कळजण वर न जाताच पुढे जातात. हे बरोबर नाही. वरच्या भिंतींपाशी उभे राहिले की खाली डॅन्यूबची दरी, शेते, चर्चचे मनोरे स्पष्ट दिसतात. म्हणजे खालूनही छावणी दिसत होती. स्मारकात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. निम्मा दिवस राखून ठेवावा आणि त्या दिवशी पुढचा टप्पा लहान ठेवावा.

समोरच्या तीरावरचे एन्स हे ऑस्ट्रियातल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. त्याला १२१२ साली शहराची सनद मिळाली. १९४५नंतर दहा वर्षे एन्स नदी ही अमेरिकन आणि सोव्हिएत ताब्यातल्या भागांमधली सीमा होती. पुढे डाव्या तीराने माखलांटची सपाटी आणि तिला पुरापासून राखणारा, २०१२ साली पुरा झालेला लांब बांध लागतो. दुसऱ्याच वर्षी आलेल्या महापुराने त्याची परीक्षा घेतली आणि तो टिकला.

ग्राइनपाशी दरी पुन्हा आवळते. नावाड्यांना या नदीवरची सर्वांत धास्तीची जागा हीच होती. पाण्याखाली खडक, वर भोवरे, आणि मधून जायला अरुंद मार्ग. त्यामुळे ग्राइनला थांबून वाटाड्या घ्यावा लागे आणि गाव त्यावर श्रीमंत झाले. सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या काळात, अठराव्या शतकात, खडक फोडायला सुरुवात झाली आणि एकोणिसाव्या शतकात ते काम पुरे झाले. उरलासुरला खळाळ वीजकेंद्रामागच्या साठलेल्या पाण्याने बुडवला. आज तिथे नदी अगदी शांत दिसते. ग्राइनच्या नगरभवनात, पूर्वीच्या धान्याच्या कोठारात, १७९१ साली बांधलेले नाटकघर आहे. पुढच्या खुर्च्यांची बैठक उभी करून तिला कुलूप लावता येते, म्हणजे वर्षभराचे पैसे भरलेल्या माणसाच्या जागेवर दुसरा कोणी बसू नये. भिंतीत एक झरोका आहे, त्यातून शेजारच्या कोठडीतल्या कैद्याला नाटक दिसे. नाटकवेड्या मराठी माणसाने हे नाटकघर चुकवू नये.

ग्राइन ते मेल्क हा टप्पा लवकर सरतो. पेर्झेनबोइगचा किल्लावजा वाडा पाण्याच्या काठावर उभा आहे. ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल १८८७ साली तिथे जन्मला. शेजारी १९५९चे वीजकेंद्र आहे. डाव्या हाताला डोंगरावर मारिया टाफर्लचे यात्रेचे चर्च दिसते, समोर प्योखलार्न, चित्रकार ओस्कार कोकोश्काचे जन्मगाव. मग लांबूनच पिवळ्या रंगाचा मेल्कचा मठ दिसायला लागतो आणि बराच वेळ दिसत राहतो. इथे बेनेडिक्टाइन साधू १०८९पासून आहेत. सध्याची भव्य बरोक इमारत १७०२ ते १७३६ या काळात याकोब प्रांटाउअर या वास्तुविशारदाच्या आराखड्याने उभी राहिली. तो काम पुरे होण्याआधीच वारला. ग्रंथालयात सुमारे एक लाख ग्रंथ आहेत. उंबेर्तो एकोच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीतला निवेदक आद्सो हा मेल्कचाच.

मेल्क ते क्रेम्स हे छत्तीस किलोमीटरांचे खोरे म्हणजे वाखाऊ. चांगला सायकलस्वार दोन तासांत ते पार करील, आणि तसे करण्यात काही अर्थ नाही. नदी इथे मोकळी वाहते. ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबवर व्हिएन्नाच्या पूर्वेचा पट्टा आणि वाखाऊ हे दोनच भाग असे उरले आहेत, आणि तेही आपोआप उरलेले नाहीत. वाखाऊत वीजकेंद्र बांधायचा बेत होता; तिथल्या लोकांनी तो हाणून पाडला. व्हिएन्नाच्या पूर्वेला हाइनबुर्गला डिसेंबर १९८४च्या थंडीत हजारो लोक नदीकाठच्या जंगलात ठाण मांडून बसले आणि तिथले केंद्रही रद्द झाले. २००० साली वाखाऊ जागतिक वारसा ठरले. संथ पाण्यावरून येणाऱ्या माणसाला इथे शिरताच फरक कळतो : पाण्याला आवाज आहे, काठाला वाळूचे आणि गोट्यांचे पट्टे आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांवर पोहणाऱ्या लोकांची गर्दी असते.

डोंगरउतारावर द्राक्षे आहेत. उतार इतके उभे की शेत करायचे तर आधी दगडी भिंती रचून पायऱ्या कराव्या लागल्या. चुना किंवा सिमेंट न वापरता, दगडावर दगड बसवून रचलेल्या या भिंती कोकणातल्या गडग्याच्या जातीच्या. जवळ जाऊन पाहिले तर मोठ्या दगडांच्या फटींत छोटे चपटे तुकडे ठोकून बसवलेले दिसतात, पाणी झिरपून जायला वाट ठेवलेली असते, आणि फटींतून हिरवे सरडे ऊन खात असतात. दिवसा तापलेला दगड रात्री द्राक्षांना ऊब देतो, आणि उत्तरेकडच्या जंगलातून येणारी गार हवा त्यांचा आंबटपणा टिकवते. ग्र्यूनर वेल्टलिनर आणि रीस्लिंग या इथल्या पांढऱ्या वाइन नावाजलेल्या आहेत. भिंत पडली की ती हातानेच पुन्हा रचावी लागते, यंत्र तिथे चढत नाही. वाखाऊच्या वाइनच्या किमतीत ही मजुरी असते. खालच्या सपाट पट्ट्यात जर्दाळूच्या बागा आहेत. एप्रिलच्या सुमारास त्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि जुलैत वाटेवर शेतकरी टोपल्या मांडून बसतात. जर्दाळू घालून उकडलेले, वरून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेले गोळे शाकाहारी माणसालाही पोटभर होतात.

द्राक्षवाला आपल्या घरीच वाइन विकतो तेव्हा दारावर हिरवी डहाळी लावतो. १७८४ साली सम्राट दुसऱ्या योझेफने शेतकऱ्यांना स्वतःच्या उत्पादनाची अशी विक्री करायची मुभा दिली, आणि तो रिवाज आजही आहे. वर्षातले काही आठवडे एका घरी डहाळी असते, मग दुसऱ्या घरी. लाकडी बाकांवर बसून पाव, चीज, लोणच्याच्या काकड्या असे थंड खाणे मिळते. मोठ्या हॉटेलापेक्षा इथे जेवावे. खर्चही कमी येतो.

डाव्या तीरावर विलेनडोर्फ हे लहानसे गाव आहे. नदीकाठच्या रेल्वेचे काम चालू असताना ७ ऑगस्ट १९०८ रोजी इथे चुनखडीच्या दगडात घडवलेली, जेमतेम अकरा सेंटिमीटरांची स्त्रीमूर्ती सापडली. ती सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची आहे. दगड इथला नाही; तो आल्प्सच्या पलीकडून, उत्तर इटलीतून आला असावा असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. म्हणजे या दरीने माणसांची ये-जा घोडे, नावा आणि रोमन यांच्या पुष्कळ आधी पाहिली आहे. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

श्पिट्सला आणि पुढे वाइसेनकिर्शेनला नदी ओलांडायला इंजिन नसलेली फेरीबोट आहे. नदीच्या वरून, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, उंच तार ताणलेली. तारेवर चाक, चाकापासून बोटीपर्यंत दोर. नावाडी सुकाणू फिरवून बोट प्रवाहाला तिरकी करतो, वाहते पाणी तिच्या कुशीवर दाब देते, दोरामुळे ती खाली वाहून जाऊ शकत नाही, आणि मग ती तारेच्या आधाराने आडवी सरकू लागते. मोटारी, सायकली, माणसे सगळी घेऊन ती पलीकडे जाते आणि एक थेंब इंधन लागत नाही. धरणामागच्या थबकलेल्या पाण्यात ही बोट चालणार नाही. वाखाऊ राखणाऱ्यांनी काय राखले ते या बोटीत उभे राहिले की नीट कळते.

ड्युर्नश्टाइन हे वाखाऊतले सर्वांत गर्दीचे गाव. खाली चर्चचा निळा-पांढरा मनोरा, वर पडका किल्ला. तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड हा ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डच्या हाती लागला आणि ११९२-९३च्या हिवाळ्यात या किल्ल्यात कैदेत होता. त्याच्या सुटकेसाठी चांदीची प्रचंड खंडणी इंग्लंडला भरावी लागली. लिओपोल्डच्या वाट्याला आलेल्या पैशातून व्हिएन्ना आणि एन्सच्या तटबंदीची कामे झाली, असे इतिहास सांगतो. दुपारी बोटींतून आलेले पर्यटक गल्ल्या भरून टाकतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलेले उत्तम.

क्रेम्सनंतर डोंगर संपतात आणि टुल्नची सपाटी लागते. वाट बांधावरून सरळ जाते, आणि पाहण्यासारखे थोडेच आहे. पण त्यात त्स्वेंटेनडोर्फचे अणुवीजकेंद्र आहे. ते पूर्ण बांधून तयार झाले होते. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते सुरू करावे की नाही यावर देशभर मतदान झाले आणि ५०.४७ टक्के लोकांनी नकार दिला. केंद्र एक दिवसही चालले नाही. राखाडी इमारत आणि उंच धुराडे वाटेवरून अगदी जवळ दिसतात. टुल्न हे चित्रकार एगोन शीलेचे जन्मगाव. १८९० साली तो तिथल्या स्टेशनात जन्मला, वडील स्टेशनमास्तर होते.

क्लोस्टरनॉयबुर्गचा मठ ओलांडला की व्हिएन्ना आलीच. नुसडोर्फला वास्तुविशारद ओटो वाग्नरने बांधलेल्या बंधाऱ्यावरचे दोन कांस्याचे सिंह प्रवाशाचे स्वागत करतात. तिथून फुटणाऱ्या कालव्याच्या काठाने सायकल थेट शहराच्या मध्यात नेता येते. मुख्य नदीकडे गेले तर १९७२ ते १९८८ या काळात पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेल्या नव्या पात्राच्या मातीतून तयार केलेले, एकवीस किलोमीटर लांबीचे बेट लागते. पुरासाठी केलेले हे काम आज शहराचे मोठे मोकळे मैदान आहे आणि त्यावर मोटारींना प्रवेश नाही.

मे ते सप्टेंबर हा या प्रवासाचा हंगाम, आणि सप्टेंबर सर्वांत चांगला : ऊन उतरलेले असते आणि द्राक्षांची तोडणी सुरू झालेली असते. रजा कमी पडत असेल तर लिंत्समध्ये शिरतानाचे किलोमीटर आणि टुल्ननंतरचा शेवटचा टप्पा रेल्वेने उरकावा. सायकलीचे वेगळे तिकीट काढावे लागते. वाखाऊला दोन दिवस द्यावेत. माउटहाउझेनचा चढ दमवतो म्हणून टाळू नये.